हवामानबदल: निसर्गाचा वाटा किती, माणसाचा किती?

प्रश्न: माणूस नव्हता तेव्हाही हिमयुगे आली आणि गेली. मग आजची तापमानवाढ नैसर्गिक का नसावी?

उत्तर: हिमयुगांचे येणे-जाणे पृथ्वीची कक्षा आणि अक्षाचा कल यांतील बदलांशी बांधलेले आहे. पण ही चक्रे फार संथ असतात. अक्षाच्या कलाचे एक आवर्तनच सुमारे ४१,००० वर्षांचे आहे. जागतिक सरासरी तापमान मात्र १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत २०११–२०२० पर्यंत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढले.

प्रश्न: सूर्यच अधिक तापत असेल तर?

उत्तर: शंका रास्त आहे, आणि ती तपासूनही झाली आहे. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तीत अकरा वर्षांचा चढउतार दिसतो, सातत्याची वाढ दिसत नाही. शिवाय सूर्य कारणीभूत असता तर तपांबराबरोबर (वातावरणाचा जमिनीलगतचा थर) त्यावरचा थर, म्हणजे स्थितांबरही तापले असते. प्रत्यक्षात ते थंड होत आहे. त्याच्या खालच्या भागातील थंडाव्यात ओझोनच्या ऱ्हासाचाही हात आहे. परंतु कार्बन डायऑक्साइड वाढल्यास जमिनीलगतची हवा तापेल आणि स्थितांबर निवेल, हे मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच गणिताने दाखवले होते.

प्रश्न: हवेतला वाढीव कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखींतून किंवा समुद्रातून आला नाही, हे कशावरून?

उत्तर: मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा इथेच आहे. वनस्पती कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड प्रकार) तुलनेने कमी घेतात, त्यामुळे त्यांच्यापासून बनलेल्या कोळशात आणि तेलातही तो कमी असतो. आणि लाखो वर्षे जमिनीत राहिल्याने त्यांतला किरणोत्सारी कार्बन-१४ कधीच संपलेला असतो. हवेत कार्बन-१३ चे प्रमाण घटत आहे, म्हणजे तिच्यात अशाच इंधनांतला कार्बन मिसळत आहे, आणि ज्वलनात खर्च होणारा ऑक्सिजनही किंचित कमी होत आहे. ज्वालामुखींचे उत्सर्जन मानवी उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. समुद्र तर हा वायू सोडण्याऐवजी शोषत आहे, म्हणूनच त्याचे पाणी अधिक आम्लधर्मी होत आहे. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ मध्ये दशलक्ष भागांत सुमारे ३१५ असलेले प्रमाण आता ४२० च्या वर गेले आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली हवा सांगते की त्याआधीच्या आठ लाख वर्षांत, औद्योगिक काळापर्यंत, ते ३०० च्या आसपासच थांबत असे.

प्रश्न: मग निसर्गाचा काहीच हात नाही का? आमच्याकडच्या गारपिटीचे काय?

उत्तर: हात आहेच. १९९१ मधील फिलिपीन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने पृथ्वी काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने निवली. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळाचे वर्षही एल निनोचेच, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नैसर्गिकरीत्या तापण्याचे, होते. एखाद्या गारपिटीचे खापर थेट तापमानवाढीवर फोडणे योग्य नाही. अतिवृष्टीबाबत मात्र चित्र अधिक स्पष्ट आहे: तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्पधारणक्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसून आले आहे.