वाचकांचे प्रश्न : थॉमस हार्डी कोठून वाचावा?

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवते. बी.ए.ला असताना इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डी यांची एक कादंबरी अभ्यासाला होती. ती मी गाइडवरच निभावली, याची खंत आजही वाटते. आता ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ मिळवली आहे. परंतु खेडुतांच्या तोंडचे इंग्रजी शब्दकोशातही सापडत नाही आणि पन्नासाव्या पानाशी मी अडले आहे. सुरुवात कोठून करावी?
– एक शिक्षिका, पारोळा

उत्तर : बाई, ‘टेस’ काही दिवस बाजूला ठेवा आणि हार्डींच्या कथांकडे वळा. त्यांतही पहिली कथा ‘द सन्स व्हीटो’ ही घ्या. 1894 साली निघालेल्या ‘लाइफ्स लिटल आयरनीज’ या संग्रहात ती आहे आणि एका बैठकीत वाचून होते. सोफी ही खेड्यातील एका पाद्र्याच्या घरी कामाला असलेली मुलगी. आजारी धन्यासाठी जेवणाचे ताट नेताना ती जिन्यावरून घसरते, तिचा पाय कायमचा अधू होतो आणि पुढे तो पाद्रीच तिच्याशी लग्न करतो. लोक नावे ठेवतील म्हणून तो गाव सोडून लंडनला बिऱ्हाड हलवतो. त्यांचा मुलगा मोठ्या शाळेत शिकतो. कथेच्या आरंभीच आई बोलता बोलता ‘हॅज’च्या जागी ‘हॅव’ म्हणून जाते आणि तो शाळकरी पोर तिथल्या तिथे तिची चूक सुधारतो.

हे वाचताना आपल्या खान्देशातील किती घरे डोळ्यांसमोर येतात! पुण्याला शिकायला गेलेला मुलगा सुटीत घरी येतो, मित्रांसमोर आई अहिराणीत बोलली की अवघडतो आणि हळूहळू ती माउलीच पाहुण्यांसमोर बोलायची थांबते. हार्डींनी त्या एका क्रियापदात आई आणि मुलगा यांच्यामधील सगळे अंतर मांडले आहे. पुढे सोफी विधवा होते. रात्री झोप येत नाही म्हणून ती खिडकीशी बसते आणि कोव्हेंट गार्डनच्या बाजाराकडे निघालेल्या, कोबीचे ढीग रचलेल्या गाड्या पाहत राहते. रावेर-यावलकडून केळीचे ट्रक रात्री निघतात, त्या रस्त्यावर ज्यांचे घर आहे त्यांना ही खिडकी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. त्यांतल्या एका गाडीबरोबर तिच्या गावाकडचा, पूर्वी तिला मागणी घातलेला सॅम असतो. मुलगा पुढे काय करतो, ते मी सांगत नाही. मात्र शेवटचा परिच्छेद सावकाश वाचा. मला तो दर वेळी जड जातो.

आता बोलीविषयी. तुम्ही शब्दकोशात शोधता ते शब्द डोळ्यांनी न वाचता मोठ्याने उच्चारून पाहा. पुष्कळदा नेहमीचाच इंग्रजी शब्द तोंडात वळलेला असतो आणि कानाला तो लगेच कळतो. आपणही बहिणाबाईंची गाणी पानावर अडखळत वाचतो आणि कोणी म्हणून दाखवली की ती सहज उलगडतात. शिवाय तुमच्या अडलेल्या ‘टेस’मध्येच तुमच्यासाठी एक जागा आहे. टेसची आई नेहमी बोलीच बोलते, असे सांगून हार्डी लिहितात की, सहावी इयत्ता उत्तीर्ण झालेल्या टेसला दोन भाषा येतात. घरात थोडीफार बोली आणि बाहेर शाळेतले इंग्रजी. तुमच्या वर्गातील मुले घरी अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलत असतील, तर टेस त्यांच्याच बाकावर बसलेली आहे. ‘द सन्स व्हीटो’ संपल्यावर ‘वेसेक्स टेल्स’मधील ‘द थ्री स्ट्रेंजर्स’ वाचा आणि मग ‘टेस’ पुन्हा उघडा.

प्रश्न : हार्डी यांनी कादंबरीलेखन का थांबवले?
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ 1895 साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा विवाहसंस्था आणि धर्म यांविषयीच्या तिच्या स्पष्टपणामुळे मोठा गदारोळ झाला. वेकफिल्डच्या बिशपांनी तर आपण ती आगीत टाकल्याचे जाहीर केले. त्यानंतर हार्डींनी नवी कादंबरी लिहिली नाही. तथापि, केवळ टीकेने ते खचले, असे मी म्हणणार नाही. कविता हे त्यांचे पहिले प्रेम होते. 1898 साली त्यांचा पहिला कवितासंग्रह आला आणि 1928 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते कविता लिहीत राहिले.

प्रश्न : मी कापूस लावणारा शेतकरी आहे. मुलीच्या आग्रहावरून हार्डी वाचू लागलो, पण यांच्या पुस्तकांत दुःखच फार. शेतात ते पुरेसे पाहतो. पुन्हा पुस्तकात का पाहावे?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. हार्डींच्या पुस्तकांत दुःख पुष्कळ आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ते दुःख कशातून उपजते, हे त्यांच्याइतके बारकाईने फार थोड्यांनी दाखवले आहे. ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’मधील धान्याचा व्यापारी हेन्चर्ड, प्रतिस्पर्ध्याला बुडवण्याच्या ईर्षेने हवामान सांगणाऱ्या एका माणसाकडे जातो. सुगीत पाऊस पडणार, असे तो सांगतो. हेन्चर्ड भाव चढेल म्हणून प्रचंड माल भरतो. मग ऊन पडते, भाव कोसळतो, देणी अंगावर येतात, तो मिळेल त्या दराने माल काढतो आणि सुगी सुरू होताच आभाळ फिरते. त्या काळी इंग्लंडात परदेशी धान्यावर जबर जकात होती. त्यामुळे भाव गावच्या पिकावर आणि पीक पावसावर अवलंबून असे. ही जकात बसवणारे कायदे 1846 साली रद्द झाले. भाव वाढेल म्हणून घरात कापूस साठवून ठेवलेल्या माणसाची झोप कशी उडते, हे तुम्ही जाणता. म्हणून हे प्रकरण तुम्हाला समीक्षकांपेक्षा अधिक कळेल, अशी माझी खात्री आहे.

आणि हार्डींकडे केवळ बुडणारेच नाहीत. ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मधील गेब्रियल ओक याच्या तरुण कुत्र्याने त्याची मेंढरे कड्यावरून खाली लोटली आणि एका रात्रीत तो मालकाचा मजूर झाला. आखाजीला आपल्याकडे सालदार ठरतात, तशी कॅस्टरब्रिजला गडी ठरवण्याची जत्रा भरते. गाडीवानाच्या टोपीला चाबकाची दोरी, छप्पर शाकारणाऱ्याच्या टोपीला विणलेले काड, मेंढपाळाच्या हातात आकडी, अशा खुणा घेऊन माणसे उभी असतात आणि त्यांत ओकही उभा राहतो. पुढे सुगीच्या मेजवानीत सगळे गडी दारू पिऊन पडलेले असताना वाटेवरचा बेडूक, घरात शिरलेली गोगलगाय आणि वादळाकडे शेपट्या करून दाटीने उभी राहिलेली मेंढरे पाहून त्याला पाऊस कळतो. मुंग्या अंडी घेऊन चढू लागल्या की आपल्याकडची जुनी माणसे सांगतात, तसाच. मग दुसऱ्याच्या मालकीच्या गंज्या झाकायला तो रात्री एकटाच निघतो. मुलीला सहावे आणि छत्तिसावे प्रकरण तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.