२०२३ मध्ये तीन चषक जिंकलेल्या भारतीय फुटबॉल संघाला आशिया कपमध्ये एकही गोल का करता आला नाही?

तुम्ही विचारलंय की इम्फाळ, भुवनेश्वर, बेंगळुरू अशा तिन्ही ठिकाणी जिंकून क्रमवारीत पहिल्या शंभरात आलेला संघ सहा महिन्यांत कतारमध्ये तिन्ही सामने कसा हरला. सहा गोल खाल्ले, एकही मारला नाही. मग आधीचा फॉर्म खोटा होता का?

माझ्या मते फॉर्म खरा होता, पण तो बचावाचा होता. गोल करण्याचं कोडं तेव्हाही सुटलेलं नव्हतं. चषकांच्या आनंदात त्याकडे आपलं लक्ष गेलं नाही, एवढंच.

आधी बचाव बघा. मार्चमध्ये म्यानमारपासून जूनमध्ये नेपाळपर्यंत सलग आठ सामन्यांत भारताने एकही गोल खाल्ला नाही. त्यानंतर सॅफ स्पर्धेत (बेंगळुरूला झालेली दक्षिण आशियाची स्पर्धा) कुवेतविरुद्ध पहिला गोल बसला, तोही अन्वर अलीच्या पायाला लागून झालेला स्वयंगोल. हे काही नशिबाने घडलं नव्हतं. मे महिन्यात भुवनेश्वरला शिबिर सुरू झालं आणि ४ जुलैला सॅफची फायनल झाली. म्हणजे दीड महिन्याहून जास्त काळ हीच मुलं एकत्र राहत होती, एकत्र सराव करत होती. प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना समोरच्या संघाला त्याच्याच अर्ध्या मैदानात गाठून दाबायचं होतं. मागे संदेश झिंगन आणि अन्वरची जोडी असल्यामुळे ते जमत होतं. अन्वर नुसता चेंडू अडवत नाही, मागून लांब आणि अचूक पास देऊन खेळ सुरू करून देतो. त्याच्यापुढे मधल्या फळीत जीक्सन सिंग. या तिघांभोवती अख्खी रचना उभी होती.

आता गोलांकडे वळू. सॅफच्या पाच सामन्यांत भारताचे आठ गोल झाले, त्यातले पाच एकट्या सुनील छेत्रीचे, आणि त्या पाचांतले तीन पहिल्याच सामन्यात पाकिस्तानविरुद्ध. सेमीफायनलला लेबनॉनविरुद्ध १२० मिनिटांत गोल झाला नाही, फायनलला कुवेतविरुद्ध १-१. दोन्ही सामने पेनल्टी शूटआउटवर सुटले. गोलकीपर गुरप्रीतने फायनलचा शेवटचा फटका अडवला तेव्हा मीही नाचलो होतो आणि आजही तो क्षण मला तितकाच प्रिय आहे. पण घरच्या मैदानावर, भरलेल्या स्टेडियमसमोर, लेबनॉन आणि कुवेतच्या ताकदीच्या संघांना १२० मिनिटांत हरवता येत नसेल तर ऑस्ट्रेलिया आणि उझबेकिस्तानसमोर काय होणार, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता.

खरी परीक्षा सप्टेंबरनंतर, देशाबाहेर झाली. थायलंडमध्ये किंग्ज कपला इराकविरुद्ध भारत दोनदा आघाडीवर गेला, २-२ झालं आणि शूटआउटवर हरला. ती कामगिरी मला तिन्ही चषकांपेक्षा मोलाची वाटते, कारण इराक खरोखर वरच्या दर्जाचा संघ होता. पण तिथून घसरण लागली. लेबनॉनकडून ०-१, क्वालालंपूरला मलेशियाकडून २-४. मग नोव्हेंबरमध्ये कुवेतला त्यांच्याच घरी मनवीर सिंगच्या गोलने १-० हरवलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पाच दिवसांनी भुवनेश्वरला कतारकडून ०-३. याच काळात आशिक कुरुनियन, अन्वर आणि जीक्सन असे तिघे दुखापतींमुळे बाहेर गेले. ज्या रचनेने आठ क्लीन शीट (गोल न खाल्लेले सामने) दिल्या, तिचे दोन खांब आशिया कपला नव्हतेच.

तयारीला वेळही नव्हता. स्टिमॅच यांनी चार आठवड्यांचं शिबिर मागितलं होतं, पण आयएसएलचे (इंडियन सुपर लीग, देशातली क्लबांची मुख्य लीग) सामने डिसेंबरच्या अखेरपर्यंत चालले आणि दोहात जेमतेम दोन आठवडे मिळाले. कतारविरुद्धच्या सामन्यानंतर थेट १३ जानेवारीला ऑस्ट्रेलिया. मध्ये एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. पुढे जाऊन दाबण्याचा खेळ दोन आठवड्यांत बसत नाही. अकराजणांना एकाच क्षणी हलावं लागतं, एक जण उशिरा निघाला तरी मागे मोकळं रान मिळतं. म्हणून ऑस्ट्रेलियासमोर मधल्या फळीत लालेंगमाविया, सुरेश आणि दीपक टांगरी असे तिघे घालून संघ खोल मागे बसवला. हा निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. झिंगनसोबत राहुल भेके आणि उजव्या बाजूला निखिल पुजारी ही मुंबईची दोन मुलं मध्यंतरापर्यंत जिद्दीने उभी राहिली, स्कोअर ०-० होता. छेत्रीला हेडरची एक चांगली संधीही मिळाली, ती बाहेर गेली. उत्तरार्धात एका क्रॉसवर गुरप्रीतच्या हाताला लागलेला चेंडू थेट ऑस्ट्रेलियाच्या अर्विनकडे गेला आणि कोंडी फुटली.

उझबेकिस्तानसमोर जरा मोकळं खेळायला गेलो. चौथ्या मिनिटाला पहिला गोल, मध्यंतराला ०-३. तिथे आणखी सांगण्यासारखं काही नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो सीरियाचा सामना. सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी चार पुढे जाणार होते. चीन आणि ओमान प्रत्येकी दोन गुणांवर तिसरे राहिले आणि बाहेर गेले. म्हणजे दोन दारुण पराभवांनंतरही सीरियाला हरवून तीन गुण मिळाले असते तर भारत बाद फेरीत असता. एक गोल पुरला असता! उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच झिंगन जखमी होऊन बाहेर गेला आणि ७६व्या मिनिटाला ओमर ख्रिबिनने त्यांचा गोल केला. २०१९ लाही असंच झालं होतं. थायलंडला ४-१ हरवल्यावर बहारीनशी बरोबरी पुरेशी होती आणि ९१व्या मिनिटाच्या पेनल्टीने घात केला. पण त्या वेळी निदान गोल करून आपण तिथवर पोचलो होतो.

सीरियाविरुद्ध तो एक गोल कुणी करायचा होता? ३९ वर्षांच्या छेत्रीने. त्याच्यामागे आयएसएलमध्ये आठवड्यामागून आठवडे नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी खेळणारा एकही भारतीय नव्हता. क्लब ती जागा परदेशी स्ट्रायकरला देतात. मनवीर तेव्हा मोहन बागानकडून उजव्या बाजूला खेळायचा, छांगते मुंबई सिटीकडून विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने. आमच्या कोल्हापुरातही पेठांचे संघ गोलसाठी बाहेरचा खेळाडू आणतात, त्यामुळे क्लबांची अडचण मला कळते. त्यांना यंदाची लीग जिंकायची असते. पण मग राष्ट्रीय शिबिरात प्रशिक्षकाला विंगरलाच बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोर उभं राहायला शिकवावं लागतं, आणि दोन आठवड्यांत ते होत नाही.

पुढच्या वेळी भारताचा फॉर्म तपासताना तुम्ही क्लीन शीट आणि चषक जरूर मोजा, पण परदेशात आपल्यापेक्षा वरच्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध किती गोल केले आणि ते कुणी केले, हे आधी बघा.