बियाँड मीट घेण्याआधी

अरे, शाकाहारी मटणाच्या कंपनीत पैसे घालायचेत ना, मग आधी बियाँड मीट या अमेरिकी कंपनीच्या शेअरचा चार्ट बघ. मे 2019 मध्ये 25 डॉलरला आयपीओ (पहिली जाहीर शेअरविक्री) आला, जुलैत भाव 230 च्या वर गेला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये एक डॉलरच्याही खाली. ‘आता स्वस्तात मिळतोय’ म्हणून उडी मारू नकोस. कर्ज मिटवायला कंपनीने ढीगभर नवे शेअर काढले, जुन्या भागधारकाचा वाटा तेवढाच पातळ झाला. मी तर तिमाही विक्री आधी बघतो. गिऱ्हाईक एकदा चाखून परत येत नसेल तर ते तिथेच दिसतं.

तिची स्पर्धक इम्पॉसिबल फूड्स शेअर बाजारात नोंदलेलीच नाही, ती सोड.

इंदूरचा आहेस, सोयाबीनच्या गावचा, त्याचा फायदा घे. सियागंजच्या घाऊक बाजारात सोयावडी किलोला काय भावाने जाते ते विचार, मग मॉलच्या फ्रीजरमधल्या सोया कबाबाच्या पाकिटाची किंमत बघ. मधला पैसा गोठवण, वाहतूक, जाहिरात आणि दुकानदाराचं मार्जिन खातं. कंपनीला उरतं काय, ते नफा-तोटा पत्रकात शोध.

आणि अमेरिकी शेअर घेतलास तर आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भर, तोटा असला तरी.