एचआयव्ही असलेल्या स्त्रीने मूल, संबंध आणि गर्भनिरोधन यांबद्दल डॉक्टरांना काय विचारावे?

आपण लिहिले आहे की चार वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीवरील औषधे) चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) ‘आढळला नाही’ असा येतो, पती निगेटिव्ह आहेत, दोघांनाही मूल हवे आहे. सासूबाईंना मात्र आजाराविषयी काहीच ठाऊक नाही आणि केंद्रावर ‘गोळ्या चुकवू नका, कंडोम वापरा’ यापलीकडे कोणी बोलत नाही. मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात समुपदेशक आहे आणि आपली तक्रार मला रास्त वाटते. रांग लांब असते. वजन आणि उरलेल्या गोळ्या यांची नोंद होते, पण पाळी कशी आहे, मूल हवे की नको, हे विचारायचे राहून जाते. म्हणून हा विषय आपणच काढावा.

व्हायरल लोड सातत्याने आढळत नसेल, तर शरीरसंबंधातून पतींना लागण होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील पार्टनर अभ्यासात, औषधांनी विषाणू आटोक्यात असलेल्या जोडप्यांमध्ये कंडोमविना सुमारे ५८,००० वेळा संबंध येऊनही जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. तरीही कंडोम थांबवण्याआधी ताजा अहवाल हातात असावा आणि दोघांची लैंगिक संसर्गांची तपासणी झालेली असावी. (संबंधांतील सुखाविषयीचे प्रश्नही डॉक्टरांना जरूर विचारावेत, संबंध मूल होण्यापुरतेच असतात असे नाही.)

उपचार नसताना आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. आईची औषधे आणि जन्मानंतर बाळाला दिले जाणारे औषध यांमुळे तो पाच टक्क्यांच्याही खाली येतो. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासूनच सुरू करावे. आपल्या एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्राविर हे औषध असेल, तर गरोदरपणातील लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्याबरोबर उपाशीपोटी घेऊ नयेत, कारण त्यांच्यामुळे औषध अंगी नीट लागत नाही. एकतर या तिन्ही गोळ्या एकत्र जेवणासोबत घ्याव्यात, किंवा डोल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. घरी तीन डब्या एकाच फळीवर ठेवल्या जातात आणि सकाळच्या घाईत सगळ्या एकदमच पोटात जातात, हे मी नेहमी पाहते. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करावे लागते असेही नाही.

खरी अडचण बाळ घरी आल्यावर येते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, असे आपल्याकडे सांगितले जाते. पण बारशाला आलेली आत्या मध चाटवते, आजी सहाणेवर गुटी उगाळते, आणि कारण न सांगता नकार कसा द्यावा हे सुनेला कळत नाही. ‘डॉक्टरांनी सहा महिने पाणीसुद्धा मना केले आहे’ हे वाक्य पुरते, आणि ते खरेही आहे, कारण हा सल्ला प्रत्येक बाळासाठी असतो.

दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो, म्हणून वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून दर तीन ते पाच वर्षांनी त्याची तपासणी करून घ्यावी. पुढे पाळणा लांबवायचा झाल्यास तांबी चालते. मात्र एआरटीत एफाविरेन्झ हे औषध चालू असल्यास दंडात बसवायच्या गर्भनिरोधक इम्प्लांटचा प्रभाव कमी होतो, त्यामुळे एआरटीचे (औषधांच्या नोंदींचे) पुस्तक स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवावे.

‘तुम्हाला मूल कशाला हवे?’ किंवा ‘प्रसूतीबरोबर ऑपरेशनही उरकून टाका’ असे कोणी म्हणाल्यास गप्प राहू नये. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार गरोदर स्त्रीच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तिची नसबंदी किंवा गर्भपात करता येत नाही. आपला आजार सासरी कळवण्याचा अधिकारही रुग्णालयातील कोणाला नाही.

पुढच्या तारखेला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि शक्य असल्यास पतींनाही सोबत न्यावे. त्याआधी काही विचारायचे असल्यास १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे आणि तिथे नाव सांगावे लागत नाही.