चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली: संशोधन काय सांगतं आणि सोबत दुसरा आजार असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की वहिनींना आठवा महिना चालू आहे, काल सकाळी उठल्या तर तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा डोळा मिटेना, घरातले म्हणतायत वारं लागलं, डॉक्टर म्हणाले बेल्स पाल्सी आहे, तर यावर खरंच काही संशोधन झालंय का आणि हे दुसऱ्या कुठल्या आजारासोबत येतं का. मी डॉक्टर नाही, पण ६ वर्षांपूर्वी मला स्वतःला हे झालंय आणि तेव्हापासून यावर हाताला लागेल ते वाचत आलेय, म्हणून लिहिते. आधी एकच सांगते, काल सकाळी सुरू झालं असेल तर अजून वेळ हातात आहे, हे वाचून झालं की लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावा.

मला कळलं ते चूळ भरताना. पाणी उजव्या कोपऱ्यातून सरळ खाली ओघळलं. आदल्या दोन दिवसांपासून कानामागे ठणकत होतं, ते मी झोप नीट न झाल्याचं समजत होते. नंतर चहाची चव लागेना, वरणभात गालात अडकून राहायचा, बोटाने काढायला लागायचा, आणि कुकरची शिट्टी झाली की कानात खुपसल्यासारखी वाटायची. हे सगळं एकाच नसेमुळे होतं हे मला फार उशिरा कळलं. चेहऱ्याची नस कानाजवळच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून बाहेर येते, जिभेच्या पुढच्या भागाची चव तिच्यातूनच जाते, आणि मोठा आवाज आला की कानाच्या आत एक चिमुकला स्नायू आवळून तो आवाज कमी करतो, त्यालाही हीच नस चालवते. नस सुजली की त्या बोगद्यात तिला फुगायला जागाच नसते, ती दाबली जाते आणि काम बंद करते.

आईला वाटलं एसटीच्या खिडकीत बसून आले म्हणून वारं लागलं. मायेपोटीच म्हणत होती. पण तेल चोळणाऱ्या एका माणसाकडे दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी दुपारी मी कानाच्या डॉक्टरांसमोर बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किती तास झाले? त्या दोन दिवसांची हळहळ मला अजून आहे.

तासांचा हिशोब का, ते सांगते. बेल्स पाल्सी हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसांवर निबंध मांडला, पण औषधाचा पक्का पुरावा यायला जवळजवळ दोन शतकं लागली. कोपनहेगनमध्ये पाइटरसन नावाच्या डॉक्टरांनी औषध न दिलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात साधारण ७० टक्के लोक आपोआप पूर्ण बरे झाले. म्हणूनच तेलवाला, झाडपाला, मंत्र, सगळ्यांनाच गुण येतो असं दिसतं. प्रश्न उरलेल्या ३० टक्क्यांचा आहे, आणि त्यातले आपण असू की नाही हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. २००७ मध्ये स्कॉटलंडचा मोठा अभ्यास आला, ५५१ रुग्ण, सगळ्यांना ७२ तासांच्या आत औषध सुरू केलेलं, १० दिवस. ज्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळालं त्यातले ९४.४ टक्के ९ महिन्यांनी पूर्ण बरे होते, ज्यांना नाही मिळालं त्यातले ८१.६ टक्के. व्हायरसवरच्या गोळीने, म्हणजे असायक्लोव्हिरने, फायदा दिसला नाही. तशी त्या गोळीची कल्पना वेडगळ नव्हती, १९९६ मध्ये जपानमध्ये मुराकामी यांच्या टीमने ऑपरेशन केलेल्या १४ पैकी ११ रुग्णांच्या नसेजवळच्या द्रवात ओठांवर ज्यामुळे फोड येतात त्याच हर्पिस व्हायरसचे अंश शोधले होते. लहान मुलांचं वेगळं आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मुलांवर तोच प्रयोग झाला, त्यात महिन्याभराने स्टेरॉइडचा ठळक फायदा दिसला नाही, मुलं बहुतेक तशीच बरी होतात.

आता तुमच्यासाठी मुद्द्याची गोष्ट. त्या स्कॉटलंडच्या अभ्यासात गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, आणि शुगर कंट्रोलमध्ये नसलेले लोकही नव्हते. म्हणजे तुमच्या वहिनीही नाहीत आणि मीही नाही. माझी शुगर त्या दिवशी तपासली तर २८० निघाली, मला डायबेटिस आहे हे चेहरा वाकडा झाल्यावर कळलं, आणि स्टेरॉइडने शुगर आणखी चढते म्हणून ते १० दिवस इन्सुलिन घेऊन काढले. वहिनींच्या बाबतीत प्रेडनिसोलोन गरोदरपणात दुसऱ्या आजारांसाठी देतात आणि बाळापर्यंत त्याचा थोडाच भाग पोचतो, पण शुगर आणि बीपी दोन्ही बघूनच द्यायचं असतं, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरो किंवा कानाचे डॉक्टर यांनी मिळून आजच ठरवायला हवं. घरी ठरवू नका, मेडिकलमधून परस्पर गोळ्याही आणू नका.

बीपीचं मुद्दाम लिहितेय. गरोदरपणातल्या केसेस शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत जास्त दिसतात, आणि अशा बायकांमध्ये बीपी वाढण्याचा त्रासही जास्त आढळलेला आहे. तेव्हा बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. डोकं फार दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे चमकत असेल तर फोनवर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

बाकी सोबतच्या आजारांचं म्हणाल तर डॉक्टरांनी माझं कपाळ पाहिलं, भुवया वर करायला लावल्या. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून मेंदूच्या झटक्यात बहुतेक वेळा कपाळावर आठ्या पडतात आणि फक्त खालचं तोंड वाकडं होतं, नसेचा त्रास असेल तर कपाळही सपाट. हात-पाय लुळा किंवा बोलणं अडखळत असेल तर सरळ १०८. मग कानात आणि टाळूला फोड बघितले, कारण नागिणीचा व्हायरस हीच नस पकडतो, त्याला रॅमसे हंट सिंड्रोम म्हणतात, त्यात कान भयंकर दुखतो, ऐकू कमी येतं, चक्कर येते आणि व्हायरसवरचं औषध तिथे देतात. कान वाहतोय का, कानाखाली गाठ आहे का, तेही पाहिलं. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर वेगळीच शंका घेतात, गियाँ बारे सारखी, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अमेरिका-युरोपात गोचिडीपासून होणारा लाइम आजार आधी डोक्यात येतो. आपल्याकडे डॉक्टर अंगावर बधिर चट्टा आहे का विचारतात, कारण कुष्ठरोगातही या नसेच्या फांद्या जाऊन डोळा मिटेनासा होतो. हा प्रश्न विचारला म्हणून कुणी वाईट वाटून घेऊ नये, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

डोळ्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही आणि कायमचं नुकसान तिथेही होऊ शकतं. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ रात्रभर उघडं, कोरडं पडून जखम होते. दिवसा अश्रूंसारखे थेंब, रात्री डॉक्टर सांगतील ते मलम आणि पापणी हाताने पूर्ण मिटवून वर कागदी टेप. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

करंट देणारी मशीन जवळपास सगळीकडे लावतात, मलाही लावली, पण अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तिचा ठोस फायदा सापडला नाही, त्यामुळे पैसे नसतील तर ती नाही केली म्हणून घाबरू नका. आरशासमोर हळू हळू, जोर न लावता केलेले व्यायाम मला उपयोगी पडले. माझ्या ओठाचा कोपरा पहिल्यांदा हलला तो २२ व्या दिवशी. आजही जेवताना उजवा डोळा किंचित बारीक होतो, नस परत वाढताना एक-दोन धागे चुकीच्या स्नायूकडे गेले की असं होतं. नीट बघणाऱ्यालाच दिसतं. ३ आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा ३ महिन्यांनीही चेहरा तसाच राहिला, तर पुन्हा दाखवा, तेव्हा स्कॅन करून दुसरं कारण शोधतात.

आणि आज वहिनींचे चार फोटो काढून ठेवा, साधा चेहरा, भुवया वर, डोळे मिटलेले, दात दाखवलेले, त्यावर तारीख आणि वेळ. माझ्याकडे पहिल्या दोन दिवसांचे नव्हते, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नुसतं आठवून सांगावं लागलं.