लहान किनारी विमानतळावरची विमाने इतक्यांदा रद्द का होतात?

‘आकाश निरभ्र असतानाही आमच्या किनाऱ्यावरच्या छोट्या विमानतळाचे विमान रद्द होते, हा निष्काळजीपणा नाही का, आणि असा तोट्यातला विमानतळ चालवावाच कशाला?’ असे आपण विचारले आहे. अशाच एका विमानतळावर मी अनेक वर्षे हवामान निरीक्षक म्हणून काम केले आहे, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

निष्काळजीपणा क्वचितच असतो. खरे कारण बहुधा जागेत दडलेले असते. मोठ्या विमानतळावर निरनिराळ्या दिशांच्या धावपट्ट्या असू शकतात, परंतु येथे एकच, आणि तीही आखूड असते. ती नेहमीच्या वाऱ्याला समांतर आखावी असा नियम असला, तरी डोंगर आणि पाणी यांच्यामधली चिंचोळी पट्टी देईल तीच दिशा पुष्कळदा स्वीकारावी लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांत मोठ्या विमानांच्या धावपट्टीची आखणी करताना २० नॉटपर्यंतचा (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) आडवा वारा चालेल असे धरतात, तर १२०० मीटरपेक्षा कमी धावपट्टी पुरणाऱ्या विमानांसाठी केवळ १० नॉट. प्रत्यक्ष उड्डाणाची मर्यादा विमानाच्या प्रकारानुसार वेगळी असते, पण लहान विमानाला वारा किती लवकर आडवा येतो, हे यावरून लक्षात यावे.

दुसरे कारण समुद्री धुके. दमट, उबदार हवा थंड पाण्यावरून सरकली की ते तयार होते आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येते. एका सकाळी मी निरीक्षणासाठी बाहेर आले तेव्हा धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाचे लाल दिवे स्वच्छ दिसत होते. नोंद करून मान वर केली, तो ते दिसेनासे झाले होते आणि धुक्याची कडा कुंपण ओलांडून गवतावरून पुढे सरकत होती. वर आकाश निळेच होते. घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला सरळ खाली पाहिल्यावर धावपट्टी दिसत होती, परंतु उतरताना नजर तिरकी जाते आणि तोच पातळ थर कितीतरी पट जाड होतो. ते विमान परत गेले, आणि प्रतीक्षागृहातल्या लोकांना ते पटवून देणे फार अवघड गेले. इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम, म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा, असेल, तर सर्वसाधारणपणे २०० फुटांपर्यंत खाली येऊन निर्णय घेता येतो. लहान ठिकाणी ती पुष्कळदा नसते, त्यामुळे त्याहून बरेच वर असतानाच धावपट्टी दिसावी लागते.

स्कॉटलंडमधल्या ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटावर तर विमाने १९३६ पासून चक्क पुळणीवर उतरतात आणि वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून ठरते. नॉर्वेने १९६८ पासून किनाऱ्यावरच्या गावांसाठी सुमारे ८०० मीटरच्या धावपट्ट्या बांधल्या, आणि तिथल्या अनेक मार्गांना आजही सरकारी अनुदान मिळते. तोटा सोसूनही असे विमानतळ चालवावेत, हा त्यामागचा विचार मला योग्य वाटतो.

रात्री बंद झालेला आमचा विमानतळ एकदा अँब्युलन्स विमानासाठी पुन्हा उघडला होता. अग्निशमन दलाच्या माणसांनी धावपट्टी पायाखाली घालून तपासली, दिवे लावले, आणि मी ढगांच्या तळाची उंची दर पाच मिनिटांनी कळवत राहिले. विमान उतरले आणि रुग्णाला घेऊन अर्ध्या तासाच्या आत निघाले. ज्या प्रवासीसंख्येवरून विमानतळ तोट्यात ठरतो, तिच्यात त्या रुग्णाची नोंद झाली नाही.