'कॅरी आउट' परत आण

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण काल वाचून संपवलं. विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटसाठी तू किती पायपीट केली आहेस, ते पानोपानी दिसतं. पण पहिल्या खर्ड्यात जिथे तू 'द सर्व्हे वॉज कॅरीड आउट' असं लिहिलं होतंस, तिथे आता 'द सर्व्हे वॉज एक्झिक्यूटेड' आलंय. पुढच्या पानावर 'सॅम्पलिंग वॉज इफेक्टेड', आणि एके ठिकाणी 'अकम्प्लिश्ड'. समासात पेन्सिलीने कारणही दिलं आहेस: क्रियापदाला आउट, अप, ऑन जोडलं की ते बोलण्यातलं इंग्रजी होतं, प्रबंधात चालत नाही.

हा नियम मलाही शिकवला होता. मी तो बरीच वर्षं इमानाने पाळला आणि पुढे माझ्या विद्यार्थ्यांनाही शिकवला. त्याची मला खंत आहे, म्हणून हे पत्र जरा लांबणार.

नियम अर्धा खरा आहे. 'फाइंड आउट'च्या जागी 'डिटर्मिन', 'गो अप'च्या जागी 'इन्क्रीज' केलंस तर प्रबंधाचा सूर सुधारतो. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आलं. दरबार, न्यायालय आणि विद्या यांचे शब्द फ्रेंच-लॅटिनमधून येत राहिले. घरातले आणि शेतातले आखूड शब्द मूळचेच राहिले. लॅटिन वळणाचा शब्द भारदस्त वाटतो तो त्यामुळे. पण गंमत बघ, 'कॅरी' हा शब्द स्वतःच फ्रेंचमधून आलेला आहे. गाडीतून वाहून नेणं हा त्याचा जुना अर्थ, आणि 'कार' त्याच्याच कुळातला. मूळ इंग्रजी आहे ते फक्त 'आउट'. म्हणजे कुळ बघून शब्दाला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे इथे जमतच नाही.

मग बघायचं काय? जाणती माणसं अगदी काटेकोर लिहिताना काय वापरतात, ते. कायद्याहून औपचारिक इंग्रजी तुला कुठे मिळेल? संयुक्त राष्ट्रांची १९४५ची सनद काढ. पंचविसाव्या अनुच्छेदात सदस्य राष्ट्रं सुरक्षा परिषदेचे निर्णय 'अ‍ॅक्सेप्ट अँड कॅरी आउट' करायला कबूल होतात. आपल्याकडचा २००५चा माहिती अधिकार कायदा घे. कलम २७ मध्ये सरकारला नियम करण्याचा अधिकार दिलाय, तो 'टु कॅरी आउट द प्रोव्हिजन्स ऑफ धिस अ‍ॅक्ट'. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम २५ मध्येही हेच क्रियापद आहे. पाण्यावर काम करतेस, तेव्हा तो कायदा तुझ्या टेबलावर असेलच. एकेका शब्दावर खल करणाऱ्या मसुदाकारांना जे बोलभाषेतलं वाटलं नाही, ते तू का खोडावंस?

मराठीत बघितलंस तर हे लगेच पटेल. आपण 'पार पाडणे' म्हणतो. 'पाडणे' म्हणजे खाली आणणे, भिंत पाडतो तसं. पुढे 'पार' लागलं की त्या पाडण्याचा मागमूस राहत नाही, काम शेवटाला नेणं एवढाच अर्थ उरतो. आणि मंत्री शपथ घेतात तेव्हा कर्तव्यं 'पार पाडीन' असंच म्हणतात. तिथे कुणाला ते घरगुती वाटत नाही. 'कॅरी आउट'ची घडण अशीच आहे. म्हणून 'आउट' म्हणजे बाहेर, हे डोक्यातून काढून टाक. इथे 'आउट' म्हणजे शेवटपर्यंत.

'ऑन' लावलंस की काम चालू राहतं. संविधानाच्या इंग्रजी पाठातल्या अनुच्छेद १९(१)(जी) मध्ये व्यापार-धंदा करण्याचं स्वातंत्र्य आहे, तिथे 'कॅरी ऑन' आहे. धंदा चालवायचा असतो, सर्वेक्षण पार पाडायचं असतं. तू पान ४१वर 'वी कॅरीड ऑन द एक्सपेरिमेंट' लिहिलंयस. त्याचा अर्थ प्रयोग पुढे चालू ठेवला असा होतो. तुला तसं म्हणायचं नाही.

आता 'एक्झिक्यूट'बद्दल. तो शब्द वाईट नाही. दस्तऐवज एक्झिक्यूट होतो, संगणकातली आज्ञा होते, आणि माणसाला फाशी देण्यालाही तोच शब्द आहे. सर्वेक्षणाला मात्र तो चिकटत नाही. सर्वेक्षण, मुलाखती, चौकशी यांना 'कंडक्ट' शोभतं, सर्वेक्षणाला 'कॅरी आउट'ही चालतं. शस्त्रक्रिया, आकडेमोड यांना 'परफॉर्म'. प्रयोग, अभ्यास, चाचणी, दुरुस्ती यांना 'कॅरी आउट' बिनधास्त लाव. आदेश आणि धमकी यांनाही तेच लागतं, पण तिथे अर्थ 'ठरलेलं प्रत्यक्षात आणणं' असा होतो. निष्कर्षाला मात्र लावू नकोस. निष्कर्ष 'ड्रॉ' करतात.

एवढं सगळं 'कॅरी आउट'च्या बाजूने बोलले, आता त्याच्यावर रागावते. तुझ्या पहिल्या खर्ड्यात ते खटकत होतं हे खरं आहे, पण त्याचं कारण वेगळं होतं. 'अ‍ॅनालिसिस ऑफ द सॅम्पल्स वॉज कॅरीड आउट', 'मेझरमेंट ऑफ पीएच वॉज कॅरीड आउट', 'फिल्ट्रेशन वॉज कॅरीड आउट': एका परिच्छेदात हे तीनदा. ही आपल्या सरकारी मराठीची सवय आहे. 'पाहणी करण्यात आली', 'मोजमाप करण्यात आले', 'गाळण करण्यात आले'. खरी क्रिया नामात कोंडायची आणि वाक्य एका पोकळ क्रियापदाच्या खांद्यावर टाकायचं. तू 'कॅरीड आउट' काढून 'एक्झिक्यूटेड' घातलंस, पण क्रिया नामातच अडकून राहिली. तिला मोकळी कर: 'द सॅम्पल्स वेअर अ‍ॅनलाइझ्ड', 'पीएच वॉज मेझर्ड'. दोन-तीन शब्द वाचतात आणि वाचणाऱ्याला काय घडलं ते थेट दिसतं. पद्धतीच्या प्रकरणात मला याहून महत्त्वाचं काही वाटत नाही, कारण तुझं काम उद्या कुणाला पुन्हा करून बघायचं असेल तर तो याच वाक्यांवर विसंबणार आहे.

मग 'कॅरी आउट' ठेवायचं कधी? नामाला स्वतःचं वजन असेल तेव्हा. 'थ्री राउंड्स ऑफ सॅम्पलिंग वेअर कॅरीड आउट', पुढे महिने आणि गावं. इथे फेऱ्या तीन होत्या ही माहिती आहे, आणि ती 'सॅम्पल्ड' या एका क्रियापदात बसवायला गेलीस तर वाक्य अवघडतं. तिथे निःशंक राहू दे.

सर्वनाम आलं तर ते मधे जातं: 'कॅरी इट आउट'. 'कॅरी आउट इट' कधीच नाही. कर्म लांबलचक असेल तर उलट, 'कॅरी'ला 'आउट' लगेच जोडून घे आणि कर्म मागून येऊ दे, नाहीतर 'आउट' दोन ओळी पलीकडे एकटं लोंबकळतं.

प्रकरण पुन्हा लिहायला बसशील तेव्हा आधी फक्त 'एक्झिक्यूटेड' आणि 'इफेक्टेड' शोधून काढ, आणि प्रत्येक वाक्याला विचार की यातली खरी क्रिया कुठली. माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त जागी तुला ना ते शब्द लागतील, ना 'कॅरीड आउट'. आणि पान ३८वर नकाशाखाली 'द सर्व्हे वॉज कॅरीड इन' असं राहून गेलंय. गाईडकडे पाठवण्याआधी तिथे 'आउट' घाल.

तुझ्या,
बाई